पिस्टनवरचा बाण

इंजिनाचं हेड बसवून फेलेतीने फ्लायव्हील हाताने फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि आत टक् वाजलं. पुढे हलेना.

"पुन्हा अडकलं!" त्याने पाना होडीच्या तळाशी आपटला.

"दमानं घ्या, जावईबापू," सोसेफो म्हणाला. "आपटून इंजिन सुटत नसतं."

फेलेतीची बायको लुपे पलीकडच्या बेटावर आत्याकडे जाऊन बसली होती. तिला परत आणायचं, तर होडी हवी. पण ती गेली त्याच संध्याकाळी सासऱ्याने होडीचं इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात म्हणे. शेजाऱ्यांकडे होडी मागावी, तर नेमकं प्रत्येकाला काम निघालं. वैताग नुसता! माणूस आपल्या बायकोला आणायला निघालाय आणि साऱ्या गावाने तोंड फिरवावं?

पुन्हा सगळं काढणं आलं. हेड उतरवलं, बाजूच्या झाकणातून रॉडचे बोल्ट सोडले, पिस्टन वर ओढले. सोसेफो कामाला काटेकोर. ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला, खुणेला खूण जुळवून. बेअरिंगला तेल चोपडून. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळत. चूक शोधून सापडेना.

"हा बाण कुठे करायचा?" फेलेतीने पिस्टनच्या माथ्यावर बोट ठेवलं.

"पुढे. होडीच्या टोकाकडे."

शनिवारी अंधार पडला तरी टक् काही जाईना. रविवारी बेटावर हत्याराला कोणी हात लावत नाही. चर्चमध्ये फेलेती दात खात बसला. शेजारी सोसेफो गळा मोकळा सोडून गात होता, त्याचाही त्याला राग आला.

सोमवारी त्याने हेड पुन्हा उतरवलं आणि पिस्टन नीट न्याहाळले. व्हॉल्व्हला जागा देणारे माथ्यावरचे खळगे व्हॉल्व्हच्या खाली येतच नव्हते, म्हणून ते आपटत होते. मग डोक्यात उजेड पडला. इंजिन होडीत उलटं बसवलेलं होतं, तोंड मागे आणि फ्लायव्हील पुढे. बाण इंजिनाच्या तोंडाकडे हवा, होडीच्या नव्हे!

सगळे पिस्टन फिरवून बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. फ्लायव्हील गरकन फिरलं.

"हे इंजिन उलटं बसवलं कोणी?" त्याने विचारलं.

"मीच. तेव्हा लुपे रांगत होती."

"आणि तरी बाण टोकाकडे करायला सांगत होतात? म्हातारचळ लागलाय का तुम्हाला? ती तिकडे माझी वाट बघत असेल!"

सोसेफोने चिंधीला हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"लुपेचं ऑकलंडचं विमान तिकडून दुपारीच उडालं," तो म्हणाला. "आत्याचा फोन आला होता. तू मोडलेल्या हाताने बॅग उचलवेना तिला. पण चढली माझी पोर."