रुमालाची गाठ

धुवायच्या कपड्यांतून तिने नवऱ्याचा रुमाल काढला, तर आजही कोपऱ्याला गाठ. बोटं दुखेपर्यंत ओढून तिने ती सोडवली.

रुमाल घाम पुसायला असतो, फार तर बसमध्ये जागा अडवायला. लक्षात ठेवायचं म्हणूनही माणसं त्याला गाठ मारतात, हे तिला ठाऊक होतं. पण रोज? विचारलं की हा घड्याळजी म्हातारा म्हणायचा, "अशीच गं." चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या घड्याळाचा कोणता काटा बदलला, ते त्याला तोंडपाठ. मुलाचा विषय निघाला की मात्र पाटी कोरी.

रविवारी मुलगा येणार, त्याला आणायला स्टेशनवर जायचंय, असं तिने चारदा सांगितलं. चारही वेळा तो खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत राहिला. मुलाच्या गादीवर नवी चादर तिने एकटीनेच घातली. पोर दारात उभं राहील आणि बाप विचारेल, कोण पाहिजे? हीच तिची धास्ती. शेवटी ती म्हणाली, डॉक्टरांकडे चला. एरवी दवाखान्याच्या नावाने नाक मुरडणारा तो निमूट चपला घालून तयार झाला.

डॉक्टरांनी समोरची जाडजूड फाईल चाळत तिचं सगळं ऐकून घेतलं. तिनेही आडपडदा ठेवला नाही. बापाने पोटच्या पोराला विसरावं, याहून वाईट ते काय, असं म्हणताना तिला रडू फुटलं. नवऱ्याने खिशातला रुमाल पुढे केला. त्यालाही गाठ होतीच.

मग नर्स तिला वजन करायला बाहेर घेऊन गेली. यांचं सोडून माझं कशाला, असं तिच्या मनात आलं, पण वाद कोण घालणार? काट्यावरून उतरताना तिला खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत डॉक्टर त्या गाठीबद्दलच विचारत होते. रुमाल मुठीत धरून ती दाराशी थांबली.

"मुलगा वारला त्याला तीन वर्षं झाली, डॉक्टर," नवरा हळू आवाजात सांगत होता. "ही अजून दर रविवारी त्याची गादी घालते. एकदा माझ्या तोंडून खरं निघून गेलं, तर तिला सगळं नव्याने सोसावं लागलं. पुन्हा तसं होऊ नये, म्हणून गाठ मारतो."