झाकणासकट

शीतल बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली, तेव्हा बोहारीण तिची करडी पँट उजेडाकडे धरून पाहत होती.

मुलुंडच्या त्या इमारतीत सुट्टीच्या दिवशी दारावर येणाऱ्यांना तोटा नसतो. पण जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ही बाई आली की शीतलच्या सासूबाई, द्रौपदीबाई, हातातली कणीक टाकून उठत. आताही त्या पॅसेजमध्ये फतकल मारून बसल्या होत्या. पुढ्यात एक मोठा टोप होता, आणि दोघींच्या मधोमध शीतलचे ऑफिसचे कपडे पसरले होते. जवळजवळ सगळेच.

अंधेरीच्या फर्ममध्ये ती लागली तेव्हा तिच्याकडे दोन कुडते होते, एक अंगावर, एक दोरीवर. बाकीचं तिने हळूहळू जमवलं. दिवाळीला घरातल्या सगळ्यांचं झालं, की उरलंसुरलं त्यात आपल्यासाठी एखादं. निळा कुडता ऑडिटच्या दिवसांचा, त्यावर शाईचा डाग दिसत नसे. पांढरा शर्ट मीटिंगचा. तो घातला की समोरचे पुरुष आपलं वाक्य पुरं होऊ देतात, असं तिला वाटायचं; खरं-खोटं कुणास ठाऊक. पण कपाट भरत गेलं तशी तिची भीड चेपत गेली, हे मात्र खरं.

"आई, हे माझे ऑफिसचे कपडे आहेत," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी रजा संपतेय माझी."

"आणि येतात का तरी तुला?" द्रौपदीबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "ती पँट कमरेच्या वर चढेना, परवा मीच बघितलं."

चढत नव्हतीच. म्हणून तर शीतलने हे कपडे टेलरकडून सैल करून आणायला पिशवीत भरून ठेवले होते. सासूबाईंनी आयती भरलेली पिशवी उचलली आणि दारात आणून ओतली.

"टेलरकडे टाकायचे होते हो ते!"

"कशाला खर्च? आता कुठं जायचंय तुला? आकाश बोलला नाही का?"

बोहारीण मुरलेली होती. सासू सुनेचे कपडे विकायला काढते आणि मागाहून सून जिन्यावरून हाका मारत धावत येते, हे तिने किती दारांत पाहिलं असेल. तिने पँट खाली ठेवली आणि हात मागे घेतला.

"ताई, तुमचे आहेत तर तुम्हीच सांगा. देताय का? मागून भांडण नको मला. तसा बायकांच्या असल्या कपड्याला भाव नाही हां. साडी नाही, काठ नाही."

शीतल दारातून आत वळली. तिचा नवरा, आकाश, पलंगावर मोबाइल पाहत बसला होता.

"काय बोलायचं होतं तुला?"

"अगं, ते..." त्याने मोबाइल पालथा ठेवला. "तुझ्या इरावती मॅडमचा फोन आलेला, मंगळवारी. तू झोपली होतीस. विचारत होत्या, नक्की येणार ना. मी म्हटलं, बाळ लहान आहे, आईचे गुडघे गेलेत, नाही जमणार. त्यांनी दुसरी मुलगी घेतलीसुद्धा."

"मला उठवायचं नाही?"

"रात्रभर जागी होतीस यार. दया आली."

त्याला खरंच दया आली होती. ती अजूनही त्याच्या तोंडावर दिसत होती. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शीतलला वाटलं. निदान ओरडता तरी आलं असतं. खांद्यावर बाळ जागं होऊन दूध शोधू लागलं होतं.

"ताई?" बाहेरून बोहारणीने विचारलं. "भरू का नको?"

शीतल पुन्हा दारात आली. खाली पसरलेल्या कपड्यांकडे तिने पाहिलं नाही. टोपाकडे पाहिलं. चांगला जाड बुडाचा होता.

"याला झाकण नाही?"

द्रौपदीबाईंचा चेहरा उजळला. "मी केव्हाची तेच म्हणतेय! झाकणाशिवाय टोप काय कामाचा?"

"झाकण हवं तर अजून एक नग लागेल," बोहारीण म्हणाली. "पण चांगला."

शीतलने बाळाला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली. कपाटात आता एकच हँगर भरलेला होता. त्यावर तिचा काळा कोट, लाँड्रीचं प्लॅस्टिकही न काढलेला. परत कामावर जायच्या पहिल्या दिवसासाठी तिने तो कधीच धुऊन आणून ठेवला होता.

"अगं, तो कशाला देतेस?" आकाश म्हणाला. "राहू दे की. लग्नाबिग्नात घालशील."

तिने कोट हँगरवरून काढला आणि दारात नेऊन बोहारणीपुढे धरला.

बोहारणीने प्लॅस्टिक वर केलं, अस्तरावरून हात फिरवला, काखेतली शिवण ताणून पाहिली. काही खोट सापडेना, तेव्हा शीतलकडे एकदा बघून घेतलं. मग कोट गाठोड्यात कोंबला आणि पाटीतून एक झाकण काढून पुढे सरकवलं.

द्रौपदीबाईंनी ते टोपावर ठेवलं. वरून दाबलं, गोल फिरवून पाहिलं.

"बघ गं शीतल," त्या म्हणाल्या, "कसं फिट्ट बसलं."