रिझोची मान

नेवेनाबाईंच्या बालवाडीत प्राण्यांची चित्रं डोळे मिटून चाचपायचा तास होता. मेंढीला लोकर, कोंबडीला पिसं, मुलांनी घरूनच आणून चिकटवली होती. रादाच्या कुत्र्यावर मात्र बाईंचा हात थबकला. खरेखुरे तांबूस केस! साखळी तोडून पळालेला बाईंचा कुत्रा रिझो आठवडाभर बेपत्ता होता, आणि "कोंबड्यांना तोंड लावलं तर गोळी घालीन," असं रादाच्या आजोबांनी चारचौघांत बजावलं होतं. "केस कुठून आणलेस गं?" "आजोबांनी सांगू नको म्हटलंय." बाईंनी डोळे उघडले. "मारलं ना म्हाताऱ्यानं त्याला?" "छे! आमच्या गोठ्यात असतो. मी रोज विंचरते." "म्हणजे चोरलात!" रादानं बाईंची बोटं चित्रातल्या मानेवर नेली. तिथे केस नव्हते, खरखरीत पॉलिशपेपर होता. "मार्च लागला म्हणून आम्ही रीतीप्रमाणे सगळ्या जनावरांच्या गळ्यात लाल-पांढरा दोरा बांधला, बाई. त्यालाच बांधता येईना. साखळीनं मान सोलवटलीय."