उरलेलं काजळ

नव्या जर्सी गायीचं वासरू मामंजींनी गोठ्यातल्या ताणकाट्याला लावलं. "सत्तावीस किलो! आपल्या देवणी गायीचं वीसच भरलतं," ते हरखून म्हणाले. वासरू उतरताच मी माझ्या दीड महिन्याच्या लेकीला, शिवकन्येला, झोळीत घालून पुढं झाले. ती आठवडाभर नीट पीत नव्हती.

"आगं, लेकराला काट्याला लावत न्हाईत, नजर लागती," सासूबाई ओरडल्या.

"वासराला नाही लागत?"

"ते जनावर हाय."

"मग घटकाभर हिलाही जनावर समजा, आत्याबाई. तीन किलोच्या खाली भरली, तर आत्ताच चौसाळ्याला दवाखान्यात नेणार."

त्या तरातरा आत गेल्या, काजळ घेऊन आल्या. शिवकन्येच्या गालाला तीट लावली आणि उरलेलं काजळ काट्याच्या तबकडीला फासलं.

"लाव आता. कमी भरली तर मी बी येती."