दोन कुलपांची रमी

"प्रत्येक पानाला दोन कुलपं. एक तुमच्या गुप्त आकड्याचं, एक भास्करकाकांच्या. दोन्ही उघडल्याशिवाय पान दिसणारच नाही. लबाडी अशक्य," पुतणी तिसऱ्यांदा म्हणाली.

माझा मित्र भास्कर बेळगावला गेल्यापासून आम्ही फोनवर रमी खेळायचो. पत्ते तोच पिसायचा, माझी पानं मला वाचून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "मी काही बघत नाही हं." जोकर कायम त्याच्याकडे. परवा मी त्याला चोर म्हटलं आणि चाळीस वर्षांचा डाव मोडला. म्हणून पुतणीने अख्खा रविवार घालवून लॅपटॉपवर ही व्यवस्था बसवली.

"टाका आकडा."

आकडा आठवेना.

"कुठे लिहिलाय?" तिने दातओठ खात विचारलं.

"लिहिलेलं हरवतं. भास्करला सांगून ठेवलाय. विश्वासाचं दुसरं आहे कोण?"

तिने भास्करला फोन लावला. "काका, यांचा आकडा तुमच्याकडे आहे?"

"आहे की! माझा त्याच्याकडे आहे, तेवढा त्याला विचारून सांग."

पुतणीने लॅपटॉप मिटला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"पिसू का?" पलीकडून भास्करने हळूच विचारलं.

"पिस," मी म्हणालो. "आणि जोकर या खेपेला माझ्या पानांत वाच, चोरा."