नत्थूजींनी दिलेली किल्ली
बुटीबोरीच्या सूतगिरणीत अंजू शिकाऊ फिटर होती आणि रात्रपाळीचा तिचा दुसराच आठवडा होता. एक मशीन बिघडलं, तेव्हा तिचे उस्ताद नत्थूजी यांनी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "मी सोता मागीन तवाच देजो," असं सांगून ते मशीनच्या पोटात शिरले. अंजू स्टोअरमधून बेअरिंग घेऊन परतली, तर स्विचजवळ सुपरवायझर उभा. "किल्ली आण. काम झालं." "काका आत आहेत, सर." "अवं, तुझे काका तं कँटीनमध्ये चहा पिऊन राहिले. मी पाहून आलो." अंजूनं वाकून हाका मारल्या. बाकीच्या मशिनींच्या घरघरीत तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. "देतेस, का उद्यापासून घरीच बसतेस?" तिनं मूठ आणखी आवळली. तेवढ्यात समोरच्या दारातून नत्थूजी येताना दिसले, हातात चहाचा कागदी कप. सुपरवायझर हसला. अंजू ओशाळली आणि तिनं मुकाट्यानं किल्ली दिली. कुलूप निघालं, त्याचा हात स्विचकडे गेला, आणि नत्थूजी कप टाकून धावत सुटले. "थांबा साहेब! आत ऋषी हाये! बोल्ट कसायले त्याले घातलं मी!" सुपरवायझरनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मशीनखाली दुसऱ्या शिकाऊ पोराचे तेलकट पाय हलत होते. नत्थूजींनी पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली अंजूपुढे धरली. तिचा हात पुढे येईना.