नजर समोर ठेवा

“सर, तो माझा भाऊ आहे. पाण्याची बाटली ठेवायला आला होता.”

“भाऊ आहे हे दिसलंच,” घुबड माइकमध्ये म्हणाला. “नाक सेम आहे.” आणि त्याने लाल बटण दाबलं. स्क्रीनवरच्या चौकटीतली मुलगी रडायला लागली. चौकट बंद झाली.

दूरशिक्षणाचं हे बरं असतं. विद्यार्थी आपापल्या घरी बसून पेपर देतात, निरीक्षक ऑफिसात बसून कॅमेऱ्यातून त्यांच्याकडे बघतो, आणि कुणालाच कुणाचे डोळे पुसावे लागत नाहीत. नजर इकडेतिकडे गेली किंवा खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. पापणी न लववता बघतो म्हणून ऑफिसने त्याचं नाव घुबड ठेवलं होतं. त्याला ते बढतीसारखं वाटायचं. खरी बढती मिळत नव्हती, कारण पदवी नव्हती.

म्हणून तोही त्याच विद्यापीठातून, दूरशिक्षणानेच, बी.ए. करत होता. एकच पेपर राहिला होता. यंदा सुटला नाही तर नोंदणी संपणार आणि आधीचे सगळे पेपर पाण्यात जाणार.

“आज सुट्टी?” मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या. “आज पेपर आहे.”

“म्हणून तर हवीय.”

“मग पोरांवर लक्ष कोण ठेवणार? तुमचे तीर्थरूप?”

मॅडम त्याच्याहून बऱ्याच लहान होत्या. पण पदवीधर होत्या, म्हणून काचेच्या केबिनमध्ये बसायच्या.

तेव्हा त्याने मोबाईल पेनांच्या पेल्याला टेकवून उभा केला आणि जागेवरूनच पेपर द्यायला घेतला. समोर मोबाईल, डावीकडे ऑफिसचा स्क्रीन. कुठला विद्यार्थी कुठल्या निरीक्षकाच्या वाट्याला हे कॉम्प्युटर ठरवतो. मुलीच्या रिकाम्या झालेल्या चौकटीत आता एक मिशीवाला माणूस आला. या वयात कशाला झक मारायला शिकतात लोक, असं घुबडाला वाटलं. त्याने मिशीवरून हात फिरवला. त्या माणसानेही फिरवला.

सुरुवातीला त्याला देव पावल्यासारखं झालं. स्वतःच परीक्षार्थी, स्वतःच निरीक्षक. मग त्याच्या लक्षात आलं की हा मिशीवाला सारखा डावीकडे बघतोय. त्याने डावीकडे बघितलं की चौकट पिवळी व्हायची, आणि चौकट पिवळी झाली की ती बघायला त्याला डावीकडे बघावं लागायचं.

“नजर समोर ठेवा,” त्याने सवयीने दटावलं. मोबाईलमधून तोच आवाज त्याच्यावर खेकसला. त्याला भयंकर राग आला.

“समोरच बघतोय ना,” तो पुटपुटला.

चौकटीखाली अक्षरं उमटली: परीक्षार्थी कुणाशीतरी बोलत आहे.

तेवढ्यात मॅडम फेरीला आल्या आणि त्याच्या खुर्चीमागे थांबल्या.

“हा मिशाळ कोण? डावीकडे काय लग्न लागलंय त्याच्या? झोपलात की काय तुम्ही?”

“बघतोय, मॅडम.”

“बघा, तोंड पण चालू आहे. चेहऱ्यावरच लिहिलंय चोर म्हणून.”

मॅडम रोज मागूनच फेरी मारायच्या. घुबडाची मान त्यांनी हजारो माणसांत ओळखली असती. तो मीच आहे असं सांगावं तर कामावर पेपर दिला म्हणून नोकरी जाणार. न सांगावं तर पेपर जाणार.

मॅडम डावीकडच्या स्क्रीनवर डोळे रोखून पुढे वाकल्या. चौकटीत मिशीवाल्याच्या मागे एक बाई आली.

“आणि ही कोण भवानी? उत्तरं सांगायला आलीये वाटतं. तोंड बघा तिचं, एरंडेल प्यायल्यासारखं.”

मॅडम स्वतःला फक्त आरशात ओळखायच्या, आणि आरशासमोर त्या हसत असत.

घुबडाने लाल बटण दाबलं. पेपर रद्द करण्याआधी कॉम्प्युटरने नेहमीचा प्रश्न विचारला: मदत करणाऱ्या व्यक्तीवरही कारवाई करायची? म्हणजे त्या चेहऱ्याला विद्यापीठाचे सगळे कॉम्प्युटर कायमचे बंद, त्या चेहऱ्याने आधीच उघडलेला असेल तोसुद्धा. पोरांच्या आयांच्या आणि भावांच्या बाबतीत घुबड इथे नेहमी ‘नाही’ म्हणायचा. एवढीच माया त्याच्यात शिल्लक होती.

“बाईवर पण करू का कारवाई?”

“विचारताय काय? असल्या बायकांना परीक्षेच्या आसपास फिरकू देता कामा नये.”

“एकदा नीट बघून घ्या, मॅडम. नंतर मागे घेता येत नाही.”

मॅडम आणखी वाकल्या. चौकटीतली बाईही वाकली.

“बघितलं. दाबा.”

त्याने दाबलं. आधी पेल्याला टेकलेला मोबाईल काळा झाला. मग काचेपलीकडे, केबिनमधला मॅडमचा कॉम्प्युटर.